अर्धेसरांची मोजणी

मामाने चमचा खाली ठेवला, बोटांची पेरं मोजली आणि जाहीर केलं, "वीस टक्के!"

"कसले वीस?" भिंगरीने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं.

"पाच विद्यापीठं. प्रत्येक ठिकाणी शंभरात चार जणांना घेतात, असं तूच म्हणालीस ना? पाच चोक वीस. अजून वीस ठिकाणी अर्ज टाक, की झाले शंभर. मग नाही म्हणायची त्या अमेरिकेची काय बिशाद!"

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस मनाने लाख, पण आकडे त्याच्या हाती लागले की त्यांचं काही खरं नसे. एरवी भिंगरी हसली असती. आज तिला हसू येत नव्हतं. रविवार होता, शुक्रवारी सकाळी अर्जाचं दार बंद होणार होतं, आणि समोरच्या पानावर चार हिरव्या खुणांच्या खाली एक गोल रिकामाच होता. शिक्षकाचं पत्र : प्रतीक्षेत. गेले सोळा दिवस प्रतीक्षेत.

"मामा, असं नसतं," ती म्हणाली. "एका ठिकाणी नकार मिळायची शक्यता शहाण्णव टक्के. पाचही ठिकाणी नकार मिळायची साडेएक्याऐंशी. उरले साडेअठरा. झालं समाधान?"

"दीड टक्क्यासाठी एवढं तोंड वाकडं कशाला करतेस?"

"तेवढेही नाहीत," खालून आवाज आला.

आई जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. तिच्यापुढे खोलीभर तपकिरी कागद पसरला होता आणि त्यावर ती पुठ्ठ्याचे गोल मांडत होती. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात ती कापड बेतायची. या आठवड्यात हॉटेलातल्या स्वयंपाक्यांच्या टोप्या होत्या. टोपीचा माथा गोल, कापड लांबुडकं, आणि गोलाला गोल लावला की मध्ये चिंध्या उरतातच. कमीत कमी चिंध्यांत जास्तीत जास्त माथे कसे बसतील, ते ती घरी कागदावर बेतून बघायची आणि सकाळी कागदाची गुंडाळी काखेत मारून जायची.

"का नाहीत?" भिंगरीने विचारलं.

"पाचही ठिकाणी अर्ज तोच जाणार ना? तोच निबंध, तेच पत्र. पहिल्याला जे खटकेल तेच दुसऱ्यालाही खटकणार. पाच वेगळे फासे थोडेच टाकतेयस तू? एकच कात्री वाकडी चालली, तर पाचही सदरे वाकडे." आईने एक गोल उचलला आणि वरच्या दोन गोलांच्या खाचेत सरकवला.

ते बरोबर होतं, म्हणून तर भिंगरीला जास्तच झोंबलं. साडेअठरा हा आकडा तिने स्वतः काढला होता आणि गेला महिनाभर त्याला उराशी धरून झोपली होती.

"तुला काय कळतंय गं त्यातलं," ती पुटपुटली.

"बरं," आई म्हणाली.

मामाने विषय बदलायला म्हणून विचारलं, "आणि हे पत्र अडलंय कुणाकडे?"

"अर्धेसरांकडे. आणखी कुणाकडे अडणार?"

मामाचा घास हातातच राहिला. त्याने बहिणीकडे पाहिलं. "ताई, पुन्हा त्याच माणसाकडे?"

"तू जेव," आई म्हणाली.

भिंगरीला वाटलं, मामाही आपल्याच बाजूचा. तीन वेळा आठवण करून दिली होती तिने सरांना, आणि तिन्ही वेळा आईनेच ढकललं होतं. पुन्हा जा. पुन्हा विचार.

सरांचं खरं नाव शाळेत कुणी घेत नसे. उत्तर बरोबर, रीत बरोबर, पण शेवटी एकक लिहिलं नाही : अर्धा मार्क गेला. आकृतीची रेघ पट्टीबाहेर सरकली : अर्धा मार्क. "म्हणून" ऐवजी नुसती तीन टिंबं दिली आणि ती वेडीवाकडी आली : अर्धा मार्क. मामाही याच शाळेतला. तो सांगायचा, माझे इतके अर्धे कापले, की शेवटी मी अख्खाच नापास झालो.

त्याहून वाईट म्हणजे पहिल्या दिवसाचा पेपर. शेवटच्या वर्षाचा वर्ग भरला, की पहिल्याच तासाला सर दहा प्रश्नांचा पेपर द्यायचे. पूर्वतयारी नाही, पूर्वसूचना नाही. तेच दहा प्रश्न, वर्षानुवर्षं. तास संपला की प्रश्नपत्रिका मोजून परत घ्यायचे आणि त्याचे मार्क कधीच कुणाला सांगायचे नाहीत. ते फक्त त्यांच्या वहीत जायचे. कोणाला कुठे शिकवायला लागेल ते कळतं, एवढंच म्हणायचे. अशा माणसाकडून शिफारसपत्र मागणं म्हणजे दगडाला पाझर फुटायची वाट बघणं, हे शाळेतल्या लहान पोरांनाही कळत होतं. फक्त आईला कळत नव्हतं.

पत्र कुणाचं घ्यायचं, हा प्रश्न आला तेव्हा आईने पहिल्यांदाच अर्जात तोंड घातलं होतं. निबंध वाचला नाही, विद्यापीठांची नावं विचारली नाहीत. एवढंच म्हणाली, "पत्र सरांचंच घे."

सोमवारी मधल्या सुट्टीत भिंगरी सल्लागार बाईंच्या खोलीत गेली. खोली पूर्वी खडू-डस्टर ठेवायची होती, अजूनही तिथे बसलं की शिंक यायची. भिंतीवर मोठा तक्ता, त्यावर विद्यापीठांच्या नावांपुढे रंग. हिरवा म्हणजे जमेल, पिवळा म्हणजे बघू, लाल म्हणजे देवाचं नाव घ्या. भिंगरीची पाचही लाल होती.

"अजून आलं नाही?" बाईंनी कपाळावर हात मारला. "मी तुला तेव्हाच म्हटलं होतं. हे बघ, शिक्षकाला काय भरायचं असतं ते."

त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. एक कोष्टक होतं. आपल्या कारकिर्दीतल्या इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत ही विद्यार्थिनी कशी आहे? पुढे खाने. सरासरी. चांगली. फार चांगली. उत्कृष्ट. वरच्या पाच टक्क्यांतली. आणि सगळ्यात शेवटी : आजवर भेटलेल्या अगदी मोजक्यांपैकी.

"खूण या शेवटच्या खान्यात हवी," बाई म्हणाल्या. "बाकीचे खाने शोभेचे."

"आणि नसेल तर?"

"तर तुझ्या चार टक्क्यांचे दोन कर. 'चांगली'वर पडली, तर दोनाचं शून्य."

"पण सगळेच शिक्षक शेवटच्या खान्यात कशी खूण करतील?"

"करतात. जीवशास्त्राच्या बाईंनी मागच्या वर्षी अकरा जणांना केली."

"अकरा? अकराही मोजके?"

बाईंनी चष्मा काढला. "तुला प्रवेश हवाय की सत्य हवंय? एक काम कर. इथे 'शिक्षक बदला' असं बटण आहे. जीवशास्त्राच्या बाई तासाभरात पत्र देतील. त्यांचं तयारच असतं, फक्त नाव बदलायचं. अर्धेसर चांगले आहेत गं, पण त्यांचं 'चांगलं' समुद्रापलीकडे पोचत नाही."

भिंगरी तिथून उठली ती सरळ शिक्षकांच्या खोलीत. सर खिडकीपाशी बसले होते. पुढ्यात जुनाट, लांबट वही, हातात लाकडी पट्टी. पट्टी एका ओळीखाली धरायची, ओठ हलवायचे, कडेला पेन्सिलीने काही लिहायचं, पट्टी खाली सरकवायची. ती शेजारी उभी राहिली तरी ओळ पुरी होईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

"सर, पत्र..."

"मोजतोय."

"काय मोजताय?"

"त्यांनी विचारलंय ते."

"सर, तिथे फक्त एक खूण करायची असते."

"खूण करायला काय, कोंबडीचा पायही चालतो," सर म्हणाले आणि त्यांनी पट्टी पुढच्या ओळीवर ठेवली. "शनिवारच्या चाचणीत तिसऱ्या गणितात तू एकक लिहिलं नव्हतंस."

"सर, शुक्रवारी सकाळी मुदत संपते."

"म्हणजे गुरुवार आपल्याकडे आहे."

दारातून बाहेर पडताना तिला रडू आलं, रागाने. मोजतात म्हणे! शाळेत पहिली येत होती, गेली तीन वर्षं. हे काय मोजायला लागतं? उंट बुडतोय आणि हे शेळीची खोली विचारतायत, असं काहीतरी तिच्या मनात आलं, पण म्हणसुद्धा धड आठवत नव्हती.

मंगळवारी गोल रिकामा. बुधवारी संध्याकाळीही रिकामाच. भिंगरीने पाऊणशे वेळा तरी ते पान ताजं केलं असेल. शेवटी तिने 'शिक्षक बदला'वर बाण नेला आणि बोट तसंच धरून ठेवलं. आई कारखान्यातून नुकतीच आली होती. खांद्यावर मापाची फीत तशीच लोंबत होती.

"मी बदलतेय," भिंगरी म्हणाली.

"नको."

"कारण सांग."

"सर देतील पत्र."

"कधी? आणि दिलं तरी काय देतील? 'चांगली' म्हणतील आई! 'नियमित, आज्ञाधारक, वागणूक चांगली.' तिकडे चांगली म्हणजे वाईट. एवढंही कळत नाही तुला?"

"कळतं," आई म्हणाली. तिने पदराला चिकटलेला दोरा शोधला, कात्री घेतली आणि तो कापला. दोरा हातानेही निघाला असता.

"कसं कळणार? तू कधी असा अर्ज केला असतास, तर कळलं असतं! कापडाच्या चिंध्या वाचवणं वेगळं आणि हे वेगळं. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू नुसतं सर, सर, सर! काय दिलंय त्या माणसाने तुला?"

बाबा बोटीवर होते, घरी यायला अजून तीन महिने होते. नाहीतर मध्ये पडून दोघींनाही गप्प बसवायचं काम त्यांचं असे. आईने फीत गळ्यातून काढली, बोटांभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"उद्या दुपारपर्यंत थांब," ती म्हणाली. "सरांच्या घरी जा. नाही दिलं, तर तिथूनच बदल. मी काही म्हणणार नाही. पण त्यांनी मोजायला घेतलंय म्हणालीस ना?"

"हो. काय मोजतायत कोण जाणे."

"मग थांब," आई म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

गुरुवारी दुपारी भिंगरी सरांच्या घराचे दोन जिने चढली. लॅपटॉप पोटाशी धरलेला, पान उघडलेलं, बोट बटणावर ठेवल्यासारखंच. दार उघडंच होतं. आत टेबलावर, खुर्च्यांवर, पलंगावर, फरशीवर वह्याच वह्या. त्याच लांबट, जुन्या, पाठीला कापडी पट्टी लावलेल्या. सर मधोमध स्टुलावर बसले होते. दाढी वाढली होती. पट्टीच्या हाताची बोटं पेन्सिलीने काळी झाली होती.

"आलीस? बरं झालं. बस. मोजणी एकट्याने करायची नसते, दुसऱ्याने तपासावी लागते. ही वीस ओळींची बेरीज कर."

"सर, आधी पत्र..."

"आधी बेरीज."

तिने दात आवळले आणि स्टूल ओढलं. सरांनी वीस वह्या उघड्या करून एकावर एक सरकवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत एकच ओळ दिसत होती आणि ओळीतलं नाव कागदाच्या पट्टीने झाकलं होतं. पुढे दहा आकडे. तिने दोन ओळींच्या बेरजा केल्या आणि मग तिच्या लक्षात आलं.

"हा पहिल्या दिवसाचा पेपर आहे."

"हो. तेहतीस वर्षांचा. तेच प्रश्न, तोच तास, तपासणारा तोच. वार्षिक परीक्षा दरवर्षी वेगळी, तिच्यावरून आजच्या पोरीची कालच्या पोराशी तुलना कशी करणार? या पेपरावरून करता येते." सरांनी डोळे चोळले. "पण मी प्रत्येक प्रश्नाचे मार्क लिहायचो, बेरीज कधी केलीच नव्हती. शिकवायला बेरीज लागत नाही. आता त्यांनी विचारलंय, कारकिर्दीतल्या सगळ्यांच्या तुलनेत कशी? म्हणजे सगळ्यांची बेरीज करावी लागणार. दोन हजार तीनशे सतरा. दोनदा केली. पहिल्या वेळी सात ठिकाणी चुकलो. त्यांतल्या सगळ्यांत वरच्या वीस तुझ्यापुढे आहेत."

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. बाकीची जगभरातली माणसं शेवटच्या खान्यात खूण करून जेवायला गेली असतील, आणि हा माणूस वीस दिवस बेरजा करत बसला होता. तिला ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी ती बेरजा करत गेली. अठ्ठ्याऐंशी. साडेनव्वद. सत्त्याऐंशी. एक ओळ स्वतःची म्हणून ओळखू आली, कारण ती वही यंदाची, नवी होती. साडेएक्याण्णव. तिने श्वास धरला. पुढच्या सगळ्या कमी. मग शेवटची ओळ, पिवळ्या पडलेल्या पानावरची. तिने बेरीज दोनदा केली.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली.

"माझीही तेवढीच आली. म्हणजे बरोबर." सरांनी कागदावर टिंब दिलं. "दोन हजार तीनशे सतरांत तू दुसरी. 'अगदी मोजक्यांपैकी' म्हणायला आता माझी हरकत नाही."

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या आधी जे तोंडातून निघालं ते असं, "पहिलं कोण?"

"ते त्यांनी विचारलेलं नाही."

"मी विचारतेय."

"दहाव्या प्रश्नात गेलीस तू," सर म्हणाले. "आयताकृती पत्र्यातून जास्तीत जास्त वर्तुळं कापायची. तू एकाखाली एक अशा सरळ ओळी लावल्यास. सगळेच लावतात. पाच मार्क. त्या पेपरात ओळी सरकवून लावल्या होत्या, खाचेत खाच. आकृतीही सुबक होती. दहापैकी दहा. तेहतीस वर्षांत एकदाच." ते उठले. "पाणी आणतो."

आत भांडं वाजलं. भिंगरीचा हात त्या पिवळ्या पानाकडे गेला. तिने कागदाची पट्टी बोटाने वर केली. नाव आईचं होतं. आडनाव आजोळचं, मामाचं.

सर पेला घेऊन आले आणि दारातच थांबले. तिने पट्टी परत ठेवायचा प्रयत्न केला नाही.

"तिने तुला सांगितलं नव्हतं?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मला वाटलं, सांगूनच पाठवलं असेल." त्यांनी पेला तिच्यापुढे ठेवला आणि स्टुलावर बसले. "सव्वीस वर्षं झाली. तिच्यासाठीही असाच कागद आला होता. तिकडच्याच एका विद्यापीठाचा. तेव्हा पोस्टाने यायचे. असेच खाने. मी 'चांगली'वर खूण केली. चांगलीच होती ना! 'चांगली' हा शब्द मी तोवर दोघातिघांना वापरला असेल. मला वाटलं, केवढं मोठं लिहून दिलं आपण."

"मग?"

"नकार आला. तिकडे बाकीच्यांची पत्रं शेवटच्या खान्यातली होती. त्यांच्या शिक्षकांनी मोजलं होतं असं नाही. मीही मोजलं नव्हतं." सरांनी पट्टी उचलली आणि गुडघ्यावर आडवी धरली. "नकाराचं पत्र घेऊन ती माझ्याकडे आली होती. भांडली नाही. एवढंच विचारलं, सर, मी कितवी होते? मी म्हटलं, कितवी म्हणजे? मोजलं नाही. बरं म्हणाली आणि गेली. पुढच्या वर्षी कळलं, कारखान्यात लागली."

भिंगरीला कालची संध्याकाळ आठवली. तू कधी असा अर्ज केला असतास, तर. तिने पेला तोंडाला लावला.

"मोजलं असतं तर..." ती म्हणाली.

"हो," सर म्हणाले. "तेच."

मग त्यांनी शाळेने दिलेला लॅपटॉप उघडला आणि एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधून, टंकलं. ती समोर बसली होती, पण त्यांनी पडदा तिच्यापासून वळवून घेतला. "तू सही केली आहेस, पत्र वाचणार नाही म्हणून. नियम म्हणजे नियम." पाऊण तास गेला. तिच्या पोटाशी धरलेल्या पानावर गोल रिकामा होता, रिकामा होता, आणि मग एकदम हिरवा झाला.

"सर, आता किती टक्के झाले असतील?" तिने दारातून विचारलं.

सरांनी विचार केला. खोटं बोलावं, असं क्षणभर त्यांच्याही मनात आलं असावं. "ते नाही सांगता येणार," ते म्हणाले. "चारच असतील. पण या वेळी माझ्या बाजूने बेरीज बरोबर आहे."

ती घरी गेली नाही. कारखान्यात गेली. लहानपणी यायची, गेल्या पाच-सहा वर्षांत आली नव्हती. पाळी सुटत होती, बायका डबे घेऊन जिना उतरत होत्या, यंत्रं एकामागून एक गप्प होत होती. आई आत, लांबच लांब टेबलापाशी एकटी होती. पांढऱ्या कापडाचे थर एकावर एक अंथरलेले. शेजारी तागा. वरच्या थरावर तिचा तपकिरी कागद पसरलेला होता, चार कोपऱ्यांना लोखंडी वजनं ठेवलेली. कागदावर गोल होते, शेकडो, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या खाचेत बसलेली होती.

आईने तिला पाहिलं, तिच्या हातातल्या लॅपटॉपकडे पाहिलं.

"दिलं?"

"हो. हिरवं झालं."

"हं." आईने कागद उचलून गुंडाळला, बाजूला ठेवला आणि ताग्याचं कापड ओढून नवा थर अंथरायला घेतला. तळहाताने सुरकुत्या टेबलाच्या कडेकडे सारत ती म्हणाली, "मोजलं का त्यांनी?"

भिंगरीने वाटेत बरंच काही ठरवलं होतं. क्षमा मागायची होती, विचारायचं होतं की तू कधी बोलली का नाहीस.

"मोजलं," ती म्हणाली. "सगळी तेहतीस वर्षं."

"कितवी?"

"दुसरी."

आईचा तळहात कापडावर मध्येच थांबला. मग पुढे सरकला, सावकाश, शेवटच्या सुरकुतीपर्यंत.

"मग बरोबर मोजलंय," ती म्हणाली. तिने कापडाचं दुसरं टोक लेकीकडे फेकलं. "धर ते. ओढू नकोस, नुसतं धर."

भिंगरीने लॅपटॉप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टोक धरलं.